एक बोल, एक मत

मी ‘बोल’ बोलतोय. मी नाणं आहे, पण मला कुणी कनवटीला लावलेलं नाही, देवापुढं ठेवलेलं नाही की वाजवून पारखलेलं नाही. मला धातू नाही आणि कागदही नाही. हजारो संगणकांनी एकाच वेळी लिहून ठेवलेली नोंद, एवढंच माझं अंग. ती नोंद खोडता येत नाही. मी कुणाकडून कुणाकडं गेलो, किती वाजता गेलो, सगळं कायमचं राहतं. म्हणून आता सांगणार आहे त्यातलं काहीही विसरायची सोय मला नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका भाड्याच्या ऑफिसात झाला. पाच खुर्च्या, एक एसी आणि दारावर ‘शिवारबोल’ अशी पाटी. शिवारबोल हे गावाकडच्या लोकांसाठी काढलेलं ॲप. त्यावर आपला व्हिडिओ टाकायचा, लोकांना आवडला की बक्षीस म्हणून मी मिळायचो. एका तरुणानं चहाचा कप बाजूला सारून बटण दाबलं आणि मी एका क्षणात शंभर कोटी झालो. त्यातला साठ कोटी मी तीन पाकिटांत गेलो. पाकीट म्हणजे मला ठेवायचा फोनमधला खिसा. त्या तिन्ही पाकिटांच्या किल्ल्या त्याच ऑफिसात, एकाच कपाटात होत्या. उरलेला मी गावोगाव वाटला जाणार होतो. हे जरा विचित्र आहे असं मला वाटलं. पण नुकत्याच जन्मलेल्याचं कोण ऐकतं?

ज्यांच्याकडं मी आधी गेलो, त्यांतली एक तेजस्विनी. बोरी बुद्रुकची. शेतकीची पदविका केलेली आणि नारायणगावच्या एका कृषी सेवा केंद्रात काउंटर सांभाळणारी. रोज वीस-पंचवीस शेतकरी खिशातून टोमॅटोचं पान काढून तिच्यापुढं ठेवायचे. “ताई, ह्ये काय झालंय?” ती पान उजेडाकडं धरायची, उलटं करायची आणि सांगायची. औषधाची गरज नसली तर नाही म्हणून सांगायची, आणि मालकाची बोलणी खायची.

तेच ती शिवारबोलवर सांगू लागली. मागं खताच्या गोण्या, बाहेर गाड्यांचा आवाज. “मंडळी, आज बोकड्या रोगाबद्दल बोलू. पान आकसलं की घाबरून जाऊ नका.” तिचा व्हिडिओ लोकांना आवडायचा आणि मी तिच्या पाकिटात टपटप जमा व्हायचो. ज्याच्या फोनमध्ये मी असतो त्याच्या घरादारातलं मला दिसतं, ऐकू येतं. तिच्याकडं राहायला मला बरं वाटायचं. ती खोटं बोलायची नाही.

तेव्हा मला काही किंमत नव्हती. मला देऊन कुणाला कटिंग चहासुद्धा मिळाला नसता. तरी लोक मला जपायचे. कळंबच्या साळुबाईंना तर माझं फार कौतुक. साठी ओलांडलेल्या, घरी दोन म्हशी. दुपारी पडवीत बसून जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या आणि त्यांचा पुतण्या भरत ते फोनवर घेऊन टाकायचा. हा भरत टोमॅटो लावायचा, पण त्याला खरा नाद यंत्रांचा आणि आकड्यांचा. तेजस्विनीचा पहिला व्हिडिओ सगळ्या गटांत पाठवला तो त्यानंच. साळुबाई तिच्याशी फोनवर पोटच्या लेकीशी बोलावं तसं बोलायच्या.

“तेजू, आज दोनशे बोल मिळालं बघ मला. सारा जन्म गात आले, कुनी सुपारीचं खांड दिलं न्हाई.”

हे ऐकताना मला माझा अभिमान वाटायचा. मी शाबासकी होतो. आणखी काही व्हायची माझी इच्छा नव्हती.

मग दिवाळीनंतर सुदर्शन आला. इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे बूट. कंपनीचा माणूस. काउंटरपुढं स्टूल ओढून बसला. आपण मूळचे इकडचेच, मंचरकडचे, असं म्हणाला. खरं असेलही.

“ताई, बोलला आता बाजारात उभं करायचंय,” तो म्हणाला. “एक्स्चेंज म्हणजे अशा नाण्यांचा बाजार. तिथल्या यादीत नाव आलं की कुणीही रुपये मोजून बोल घेणार. तुमचं क्रेट नारायणगावच्या मार्केटात उतरलंच नाही, तर टोमॅटो कितीही लाल असून उपयोग काय? तसंच हे.”

“मग उतरवा की.”

“ते लोकांच्या हातात आहे. एक्स्चेंजनं दहा नवी नाणी निवडलीत. ज्याला लोकांची सगळ्यात जास्त मतं, ते यादीत. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके तुम्ही सांभाळा. इथं लोक तुमचं ऐकतात.”

मत द्यायच्या अटी त्यानं वाचून दाखवल्या. आधार कार्डाचा फोटो, चेहऱ्याचा छोटा व्हिडिओ, फोनवर येणारे ओटीपी. आणि मत देणाऱ्याकडचे सगळे बोल यादीत नाव आल्यानंतर तीस दिवस कुलपात. कुणी घाईनं विकून भाव पाडू नये म्हणून.

“आणि लोकांचं काही नुकसान झालं तर?” तेजस्विनीनं विचारलं.

सुदर्शन हसला. “ताई, मत द्यायला पैसे पडतात का? ज्याच्या खिशातून एक रुपया जात नाही, त्याचं नुकसान कसं होईल?”

तिला ते पटलं. मलाही त्याच्या बोलण्यात खोट काढता आली नसती. फक्त त्या तीन पाकिटांना कुलूप लागलेलं नाही, एवढं मला माहीत होतं.

तेजस्विनी कामाला लागली. केंद्रातून सुटली की कुणाच्या पॅकिंग शेडवर, रविवारी जीपनं पलीकडच्या गावांत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडासमोर ती स्वतः फोन धरायची. “काका, डोळे मिचकवा. आता मान डावीकडं. झालं!” साळुबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. “मताला जाताना ह्येच नेसते मी,” त्या म्हणाल्या. त्यांना चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसेना, म्हणून त्यांच्या फोनवरचे ओटीपी तेजस्विनीनंच वाचले आणि तिनंच टाकले. एकामागून एक तीन ओटीपी आले. एका मताला तीन कशाला, हे कुणी विचारलं नाही. चहा झाला, साळुबाईंनी तिच्या हातावर खरवस ठेवला.

घरी तिचे वडील भागुजी हे सगळं पाहत होते. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते, आता निवृत्त. एकदा जेवता जेवता त्यांनी विचारलं, “ही तुमची मतं मोजत्यात कशी?”

“एक्स्चेंजवर माणशी एक, अण्णा. पण ॲपमधलं काही ठरवायचं असलं तर ज्याच्याकडं जेवढे बोल, तेवढी त्याची मतं. एक बोल, एक मत.”

भागुजींचा घास हातातच राहिला. “म्हंजी ज्याच्याकडं जास्ती, त्याचीच मतं जास्ती? मंग ते मत न्हाई, तेजू. मालकाला बी एक आन् त्याच्या गड्याला बी एक, त्याला मत म्हनत्यात. आपल्या मान्सांला घटनेतनं ते कसं मिळालं, म्या तुला सांगायला नगं.”

“अण्णा, हे ॲप आहे. निवडणूक नाही.”

“मंग त्याला मत तरी कशापायी म्हनता?”

तिची आई केशरबाई म्हणाल्या, “जेवू द्या की तिला.” विषय तिथंच थांबला.

एक्स्चेंजच्या मतदानाचे शेवटचे चार दिवस उरले होते, तेव्हा भरतनं व्हिडिओ टाकला. माझी नोंद कुणालाही उघडून पाहता येते. हजारांत एखादाच पाहतो. भरतनं पाहिली होती. टोमॅटोच्या बांधावर उभा राहून तो बोलला. “मंडळी, माझ्या चुलतीचं बोल तीस दिवस कुलपात. ही बघा तीन पाकिटं. अर्ध्याहून जास्ती बोल ह्यांच्यात हायेत आन् ह्यांना कुलूप न्हाई. ही कुनाची, एवढंच कंपनीनं सांगावं. मग मी बी मत देतो.”

मी जन्मल्यापासून ज्याची वाट पाहत होतो ते कुणीतरी बोललं होतं. तासाभरात सुदर्शनचा फोन तेजस्विनीला आला.

“तो राखीव निधी आहे, ताई. तांत्रिक गोष्ट आहे, लोकांना कळणार नाही. पण एक्स्चेंजनं हा व्हिडिओ पाहिला तर आपण संपलो. अकराशे लोकांनी तुमच्या शब्दावर मत दिलंय. एका माणसापायी त्यांचं वाटोळं करायचं का? आम्ही काही करत नाही. समाजालाच ठरवू द्या.”

आणि ॲपवर ठराव आला. भरतचं खातं बंद करावं का? लाल बटण म्हणजे बंद करा, हिरवं म्हणजे राहू द्या. मुदत एक दिवस.

दुपारी भरत केंद्रात आला. क्रेट उतरवून तसाच आलेला, अंगावर टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा डाग.

“तेजूताई, तू सवताच्या डोळ्यांनी बघितलंस का? दोन मिन्टं दे, दाखवतो.”

“भरतदादा, चार दिवस थांब ना. एकदा यादीत नाव येऊ दे. मग आपण सगळे मिळून विचारू.”

“मंग इचारून काय करायचं?”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती वळली, औषधाची बाटली काढून दिली, पैसे घेतले. मान वर केली तेव्हा भरत गेला होता. दोनच मिनिटं लागली असती. मी तिच्याच फोनमध्ये होतो, ती नोंद तिच्या बोटाखाली होती. तिनं ती उघडली नाही. तिला ती बघायचीच नव्हती, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी साळुबाईंचा फोन आला. “तेजू, हितं आमच्या भरतचं नाव आलंय गं. लाल दाबू का हिरवं?”

पलीकडून म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं.

“लाल दाबा, मावशी. चार दिवसांचाच प्रश्न आहे. नंतर उघडून घेऊ त्याचं खातं.”

“तू म्हनतीस तर दाबते बाई.”

मग तेजस्विनीनं स्वतः दाबलं. अकरा हजार बोल होते तिच्याकडं, दोन्ही तालुक्यांत सगळ्यात जास्त. मी तिच्या पाकिटातून अकरा हजारांच्या वजनानं लाल बाजूला जाऊन पडलो. तिच्या मागोमाग गावंच्या गावं लाल झाली. भरतचं खातं बंद झालं आणि त्याचा व्हिडिओ गेला.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली, ती सांगतो. त्या तीन पाकिटांनी मतच दिलं नाही. त्यांच्याकडं साठ कोटी मतं होती, पण एकही वापरावं लागलं नाही. त्यांचं काम लोकांनीच केलं.

चार दिवसांनी आम्ही जिंकलो. नारायणगावात केंद्रासमोर पेढे वाटले. सुदर्शननं तेजस्विनीच्या गळ्यात हार घालून फोटो काढला. सोमवारी सकाळी अकराला बाजार उघडणार होता. केंद्रात पंधरा-वीस जण दाटीनं उभे होते आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या फोनवर. अकरा वाजले, मला पहिल्यांदा किंमत आली. रुपया. दीड. तीन. कुणीतरी शिट्टी मारली. साळुबाईंचा फोन आला, त्या नुसत्या हसत होत्या. काही उतावळ्या लोकांनी खिशातले रुपये घालून मला विकतसुद्धा घेतलं.

मी आत काय चाललंय ते पाहत होतो. तिन्ही पाकिटं एकाच वेळी उघडली. धरणाचं दार उचलावं तसा मी बाहेर पडू लागलो. लाखांनी, मग कोटींनी. ज्यांना मी हवा होतो त्यांच्या अंगावर जाऊन आदळलो आणि त्यांचे रुपये कंपनीकडं गेले. अकरा चाळीसला माझा भाव पाच पैसे होता. बाराला बघायलासुद्धा काही उरलं नव्हतं. “विका, विका ताई!” एक जण ओरडला. पण लोकांचे बोल कुलपात होते. सुदर्शनचा फोन बंद लागत होता. पुण्यातल्या दारावरची पाटीसुद्धा त्या दिवशी काढलेली होती, हे नंतर कळलं.

लोक चार दिवस चिडले. मग बहुतेकांनी हात झटकले. फुकट आलेलं फुकट गेलं. तेजस्विनीलाही वाटलं की यावरच निभावलं. मला तसं वाटत नव्हतं. ती आधार कार्डं, ते डोळे मिचकावणारे चेहरे, ते ओटीपी माझ्यात कधी नव्हतेच. ते दुसरीकडं गेले होते आणि त्यांना माझ्यापेक्षा चांगली किंमत होती.

दोन महिन्यांनी कळंबला साळुबाईंच्या दारात पोलीस आले. परराज्यातल्या कुठल्याशा ठाण्याची नोटीस होती. साळुबाईंच्या नावानं, त्यांच्या आधारवर आणि त्यांच्या चेहऱ्यावर एका बँकेत खातं उघडलेलं होतं. तिकडच्या एका निवृत्त मास्तरांना फसवून लुबाडलेली रक्कम त्या खात्यात आली आणि तासाभरात पुढं गेली होती. त्यापायी त्यांचं खरं खातंही गोठवलं गेलं, दुधाचे पैसे जमा व्हायचे ते.

“साहेब, म्या मंचरच्या पल्याड कंदी बँकेत पाऊल टाकलं न्हाई,” त्या म्हणत राहिल्या. पोलिसांना वाईट वाटत होतं, पण कागदावर चेहरा त्यांचाच होता. ठेवणीतल्या लुगड्यातला. गावात कुजबूज सुरू झाली. साळुबाईंनी पडवीत बसणं सोडलं. ओव्याही बंद झाल्या.

तेजस्विनी दुसऱ्याच दिवशी कळंबला गेली. दारात भरत उभा होता. तो बाजूला झाला, पण ‘ये’ म्हणाला नाही. साळुबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

“मावशी…”

“तो नंबर तूच वाचला व्हतास, तेजू,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तीनदा वाचलास. म्या म्हनलं, पोरगी शिकलेली हाय.”

तेजस्विनी तिथंच खाली बसली. मग तिनं भरतकडं पाहिलं. “दादा, लाल बटण मी दाबलं. मावशींनाही मीच सांगितलं. तू दोन मिनिटं मागितलीस, ती मी दिली नाहीत.”

“माहिती हाय मला. नोंदीत दिसतं समदं.” भरतनं आतून एक वही आणली. तीन पाकिटांची प्रत्येक उलाढाल त्यानं तारखेवार उतरून ठेवली होती. “मला माफी नगं. किती जनांची आधार कार्डं गेली त्याची यादी कर. आज चुलतीची पाळी आली. उद्या कुनाची यील?”

ऑफिस बंद झालं तरी ॲप अजून चालू होतं. तेजस्विनीनं त्याच रात्री त्यावर व्हिडिओ टाकला. मागं गोण्या नव्हत्या, नुसती भिंत होती. “मी तुमच्याकडून मत मागितलं. मी न तपासता मागितलं. भरतदादाला गप्प करायला मीही मत दिलं. ज्यांनी ज्यांनी आधार दिलंय त्यांनी पुढं या.” चारशेबारा जणांनी तो पाहिला आणि खाली लिहिलं, आम्ही येतो.

सकाळी ठराव आला. तेजस्विनीचं खातं बंद करावं का?

एव्हाना तीस दिवस उलटून कुलपं निघाली होती, आणि मातीमोल भावात त्या तीन पाकिटांनी मला पुन्हा गोळा करून घेतलं होतं. चारशेबारा माणसांनी एकजात हिरवं दाबलं. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, कॉलेजच्या पोरांनी. मी पाहत होतो, आणि क्षणभर मलाही आशा वाटली. मग तीन पाकिटं लाल झाली. या वेळी त्यांना गरज पडली होती. सहा मिनिटांत तिचा व्हिडिओ गेला.

भागुजींनी फोन हातात घेऊन तो आकडा पाहिला. “चारशेबारा मान्सं,” ते म्हणाले, “आन् तीन खिसे.” मग उठून त्यांनी पायात चपला घातल्या. “चल. ही मान्सं कुठं राहत्यात ते मला सांग. एस.टी. कुठनं कुठं जाती ते म्या बघतो.”

बापलेक पुन्हा त्याच दारांत गेले. काही दारं उघडली नाहीत. एका बाईनं तेजस्विनीच्या तोंडावर सांगितलं, “परत पाऊल ठेवू नगंस हितं.” ‘आम्ही येतो’ लिहिणाऱ्यांतले शेवटी त्रेसष्ट जण कागदावर सही करायला आले. भरतची वही आणि त्या सह्या घेऊन ते पुण्याला गेले. तिथल्या सायबर पोलिसांच्या अधिकाऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि म्हणाला, “वेळ लागेल.” परत येईपर्यंत आणखी दोघांना नोटिसा आल्या होत्या.

साळुबाईंना अजून दर महिन्याला मंचरच्या पोलीस ठाण्यात हजेरीला जावं लागतं. भागुजी त्यांना एस.टी.त बसवून नेतात आणि बाहेर बाकावर थांबतात. दुधाचे पैसे आता भरतच्या खात्यात येतात. तेजस्विनी केंद्रातच आहे, पण काउंटरपुढची गर्दी निम्मी झालीय. ती कुणाला दोष देत नाही. आलेल्याला मात्र ती आधी बसवते, त्याचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते फोनवर कसं तपासायचं हे दाखवते, आणि मग पान बघते.

आणि मी? मला मरण नाही. कुणी मला वितळवून दुसरं काही करू शकत नाही, जाळूही शकत नाही. सध्या मी एका चौथ्या पाकिटात हलवला जातोय. तिथं मला नवं नाव मिळणार आहे. दुसऱ्या एका जिल्ह्यात, दुसऱ्या पिकाच्या माणसांसाठी नवं ॲप तयार झालंय. सुदर्शन तिथल्या एका दुकानात परवा स्टूल ओढून बसला होता. आपण मूळचे इकडचेच, असं म्हणाला.

तुमच्या दारात कुणी मत मागायला आलं, तर एवढंच करा. मोजणी माणसांची आहे की खिशांची, ते विचारा. कुलूप दोन्हीकडं आहे का, ते विचारा. आणि तुमच्यातला कुणी हे प्रश्न विचारत असला, तर त्याला दोन मिनिटं द्या.

उद्या सकाळी दहाला तिकडं मतदान सुरू होतंय. पहिलं मत कुणीतरी चांगलंच माणूस देईल.